अभ्यास दौऱ्याहून काय आणायचं?

मराठवाड्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत आम्ही सोयाबीन खरेदीच्या दिवशी पोचलो. दिवाळी नुकतीच झाली होती आणि आवारात ट्रॅक्टरची रांग लागली होती. बसमधून उतरलेल्या चाळीस जणांतले बहुतेक थेट शेडकडे वळले, कारण तिथे चाळणी यंत्र सुरू होतं. मोबाइल निघाले, फोटो झाले, यंत्राची किंमत विचारून झाली, अनुदान किती मिळालं तेही विचारून झालं. आमच्यातल्या एका गटाच्या खजिनदार ताई मात्र वजनकाट्यापाशीच थांबल्या.

काट्यावर एक तरुण पोरगा होता. तो प्रत्येक ट्रॉलीतल्या चार-पाच पोत्यांत टोकदार नळी खुपसून दाणे काढायचा, ते एकत्र करून मशीनमध्ये घालायचा आणि आलेला आकडा मोठ्यानं वाचायचा. बाजारात ज्याला ‘हवा’ म्हणतात, तो दाण्यातल्या ओलाव्याचा आकडा. बारापर्यंत असला तर माल काट्यावर. त्याच्या वर गेला तर वहीत शेतकऱ्याचं नाव, आकडा आणि पुढे एकच शब्द: ‘परत’. ताईंच्या देखत एक ट्रॉली साडेचौदावर परत गेली. ती अध्यक्षांच्या सख्ख्या चुलतभावाची होती.

ताईंनी अध्यक्षांना विचारलं, “दादा, भावकीतला माल परत पाठवलात. बोलतात का ते तुमच्याशी?”

“पहिल्या वर्षी दोन महिने बोलले नव्हते, ताई. आता परत गेला की अंगणात पसरतात, वाळवतात आणि दोन दिवसांनी घेऊन येतात.”

त्याच बसमधल्या दुसऱ्या एका गटानं पुढच्या वर्षी तसंच चाळणी यंत्र घेतलं. आज ते ताडपत्रीखाली आहे. यंत्रात दोष काही नव्हता. पण ओला आणि काडीकचऱ्याचा माल नाकारायचा, हे गटात कधी ठरलंच नाही. आला तो माल एकत्र झाला, खरेदीदारानं सरसकट कडता लावला आणि चांगला माल आणणारे सभासद पुढच्या हंगामात आपापल्या आडत्याकडे परत गेले. ताईंच्या गटानं ओलावा मोजायचं मशीन तेवढं घेतलं आणि एक वही घातली. त्यांची खरेदी लहान आहे, पण ती दरवर्षी होते.

गट, उत्पादक कंपन्या, पाणीवापर संस्था, अवजार बँका चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही दौऱ्यावर जाता, चांगलं काही दिसतं, ते आपल्याकडे व्हावं असं मनापासून वाटतं. यातून पुष्कळ वेळा इमारत आणि यंत्र गावात येतं आणि ते ज्या नियमावर चालतं तो नियम तिकडेच राहतो. नियम कसा बघायचा, कसा आणायचा आणि आणल्यावर आपल्या मातीत कसा बसवायचा, त्याबद्दल मला सांगायचं आहे.

एक नियम किती वळणं घेतो

‘आधी उचल, हिशेबानंतर बाकीची रक्कम’ हा नियम घ्या. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१चा. ऊस घातल्यावर पहिली उचल घ्यायची आणि साखर विकून हिशेब झाला की पुढचा हप्ता, ही रीत सहकारी कारखानदारीबरोबर राज्यभर पसरली. दूध संघांनी तिचं रूप बदललं. दुधाचे पैसे ठरावीक दिवसांनी मिळू लागले आणि वर्षाच्या हिशेबातून उरलेलं दिवाळीच्या तोंडावर ‘दर फरक’ म्हणून. कोल्हापूरकडे हा फरक म्हणजे घरातल्या दिवाळीचं बजेटच असतं. पुढे अर्थतज्ज्ञ डॉ. योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून २००२मध्ये कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद आली. तीत सभासदाच्या मालाच्या किमतीचा काही भाग राखून ठेवून नंतर द्यायची मुभा आहे आणि ज्यानं जितका व्यवहार केला त्या प्रमाणात बोनस द्यायचीही. म्हणजे कारखान्याची उचल आणि संघाचा दर फरक नाव बदलून कंपनी कायद्यात येऊन बसले.

आता हाच नियम जसाच्या तसा सोयाबीनला लावून बघा. तोडलेला ऊस फार काळ ठेवता येत नाही, त्याला जवळचा कारखानाच लागतो. शेतकऱ्याला थांबावं लागतं, म्हणून तो थांबतो. सोयाबीनवाल्याला अशी काही अडचण नाही. बाजार समिती जवळ आहे, आडत्या ओळखीचा आहे आणि रोख पैसे मिळतात. अशा शेतकऱ्याला कंपनीनं ‘निम्मे आत्ता, निम्मे मार्चमध्ये’ म्हटलं तर तो पहिल्या वर्षी गावाच्या भिडेखातर ऐकेल, दुसऱ्या वर्षी फिरकणार नाही. धान्य-कडधान्यात काम करणाऱ्या कंपनीला म्हणूनच पैसे दोन-तीन दिवसांत द्यावे लागतात. मागे ठेवायचं तर ते थोडंच आणि त्याचा हिशेब फलकावर लावून. एवढी तयारी नसेल, तर राखीव रकमेचा नियम आणूच नका.

ऊसपट्ट्यात तरी हा नियम होता तसा कुठे राहिला? १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. तरीही एफआरपी, म्हणजे उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, तुकड्यांत न देता एकरकमी द्या, म्हणून शेतकरी संघटनांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. हिशेबावरचा विश्वास उडाला की थांबायची तयारीही जाते. दुसऱ्याचा नियम उचलताना पहिला प्रश्न हाच विचारा: तिथल्या माणसाला तो कशामुळे परवडतो आणि आपल्याकडे ते कारण आहे का?

आधी कोणाकडे न्यायचं

नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पाची गोष्ट पाण्याची आहे, पण ती प्रत्येक गटानं समजून घ्यावी. कालव्याच्या शेपटाला असलेल्या ओझर भागातल्या शेतकऱ्यांना पाणी पोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९०-९१च्या सुमारास तिथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, पाटबंधारे खात्याला त्याचे पैसे संस्थेनं भरायचे आणि आतलं वाटप शेतकऱ्यांनी आपसांत करायचं, अशी रीत होती. सुरुवात शेपटापासून झाली, कारण अडचण तिथे होती. वरच्या अंगाच्या लोकांना पाणी मिळतच होतं, त्यांना घाई कशाला असणार? पण खालच्या गावांची पाळी ठरल्या दिवशी यायला लागली, भांडणं कमी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, तेव्हा वरची गावंही आली. होता होता २४ संस्था झाल्या आणि सगळ्या प्रकल्पाचं व्यवस्थापन त्यांच्या संघाकडे आलं.

शेतकऱ्यांनी सिंचनाचं व्यवस्थापन करायचं, याचा राज्याचा कायदा २००५मध्ये आला. त्यानंतर राज्यभर संस्थांची नोंदणी झाली. सगळ्या वाघाडसारख्या चालल्या नाहीत. वाघाडला वरच्या माणसानं खालच्या शेजाऱ्याच्या रानात पाणी पोचलेलं स्वतः पाहिलं होतं. जिथे संस्था आदेशानं आली, तिथे लोकांच्या हातात फक्त नोंदणीचा कागद आला.

अमेरिकेतल्या आयोवात १९४०च्या दशकात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी संकरित मक्याचं बियाणं शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं याचा अभ्यास केला. २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सगळ्यांनी ते १९४१पर्यंत घेतलं होतं. बियाण्याची पहिली माहिती सर्वाधिक जणांना विक्रेत्याकडून मिळाली होती. पण पेरायचं की नाही, हे ठरवताना वजन शेजाऱ्याच्या शब्दाला होतं. आणि सुरुवातीला पेरलं तेही थोड्याच क्षेत्रात. आपल्या शिवारात काही वेगळं घडत नाही. म्हणून गटात नवा नियम आणायचा असेल तर सगळ्यांना एकदम पटवत बसू नका. ज्यांना आजच्या पद्धतीचा सर्वांत जास्त त्रास आहे, असे दहा-पंधरा जण शोधा. बाकीचे बांधावरून बघत असतात.

सरकारी योजनेतून कंपनी काढताना हे विसरलं जातं. २०२०पासून दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची केंद्राची योजना सुरू झाली. मैदानी भागात किमान ३०० सभासद, व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत, सभासदाच्या भागभांडवलाला जोड म्हणून प्रत्येकी २,००० रुपयांपर्यंत आणि संस्थेला जास्तीत जास्त १५ लाख अनुदान, अशी तिची रचना. अशा योजनेतली मदत खरी असते आणि ज्यांची तयारी आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. पण ३००चा आकडा गाठायला सातबारे गोळा करत फिरताना कायद्यातला दुसरा आकडा ध्यानात ठेवा. उत्पादक कंपनीच्या सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश लोकांची हजेरी लागते. ३०० सभासद असतील तर ७५ माणसं खुर्चीवर बसलेली हवीत. संचालक मंडळाची बैठक तिमाहीत एकदा तरी व्हावी लागते. वार्षिक विवरणपत्रं वेळेत गेली नाहीत तर एकेका फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये भरावे लागतात, आणि ते थांबत नाहीत. काहीच व्यवहार न करता एवढ्यानंच कर्जात गेलेल्या कंपन्या मी बघितल्या आहेत. त्यांचे संचालक चांगली माणसं होती. त्यांना हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

नोंदणीला दहा उत्पादक पुरतात. आधी वीस-पंचवीस जणांनी एक हंगाम खतं-बियाणं एकत्र घ्या, एक माल एकत्र विका, हिशेब सगळ्यांसमोर मांडा. त्यात कोण वेळेवर पैसे देतो, कोण खराब माल खाली घालून वर चांगला पसरतो, कोण न बोलता कामाला लागतो, हे सगळं कळतं. मग कंपनी काढा.

नियमामागचं नुकसान

२०१०च्या हंगामात आपल्या द्राक्षांना युरोपात जबर फटका बसला. वेलीची शाकीय वाढ रोखायला वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. आपल्याकडच्या तपासणीत त्या रसायनाचा समावेश नव्हता, त्यामुळे इथे पास झालेला माल तिथल्या बंदरात अडकला. कित्येक बागायतदारांचं वर्ष गेलं, काही निर्यातदार कर्जात बुडाले. त्यानंतर तपासणीची यादी वाढली आणि फवारणीच्या नोंदी, औषध आणि काढणी यांतलं अंतर, प्लॉटची नोंदणी या गोष्टींकडे लोक वेगळ्या नजरेनं बघू लागले. विलास शिंदे आणि त्यांच्या सोबतच्या द्राक्ष उत्पादकांची सह्याद्री फार्म्स याच काळातली. मोहाडीला तिचं आज जे भव्य आवार दिसतं, ते बघून बरेच जण ‘आपल्याला हे जमणार नाही’ म्हणत परततात. तिथे गेलात तर सुरुवातीच्या दोन-तीन हंगामांबद्दल विचारा. आपल्याला उपयोगी पडेल असं तेच असतं.

ज्यांना हे नुकसान ठाऊक नसतं, ते नियमाचं काय करतात हेही सांगतो. प्रमाणीकरणासाठी आलेल्या एका डाळिंब गटाच्या फवारणी वह्या मी चाळत होतो. अठरा शेतकऱ्यांच्या अठरा वह्या. सगळ्यांची शाई एक, अक्षर एक, आणि बहार धरल्यापासून काढणीपर्यंतच्या नोंदींत एकही खाडाखोड नाही. तालुक्याच्या गावी बसून कोणीतरी एका रात्रीत भरलेल्या. खऱ्या वहीवर औषधाचे डाग असतात, पावसानं चुकलेली तारीख असते, मध्येच मजुराच्या हिशेबाची बेरीज असते. त्या अठरा जणांना वही कशासाठी हे सांगितलंच गेलं नव्हतं. त्यांना फक्त नमुना दिला होता. म्हणून दौऱ्यात प्रत्येक नियमापुढे थांबून विचारा: हा कोणत्या नुकसानीनंतर आला? ती हकिगत परत आल्यावर आपल्या बैठकीत सांगा. ती कळली की वहीचा कंटाळा येत नाही.

दौऱ्यावर जाताना

चाळीस जणांची बस नेऊ नका. दहा-बाराजण न्या आणि त्यांत जे ते काम प्रत्यक्ष करणार आहेत ते असू द्या. घरी शेंगा निवडणाऱ्या, प्रतवारी करणाऱ्या बायका आणि दौऱ्याला मात्र पुरुष, असं अजूनही सर्रास होतं. प्रतवारीचा नियम बघायला जायचं असेल तर प्रतवारी करणारीनं तो बघायला नको का? काम चालू असेल त्या दिवशी जा, शक्य असेल तर मुक्काम करा. स्वागत, नारळ, सादरीकरण यात सकाळ जाते. संध्याकाळी काट्यावरचा मुलगा हात धुऊन चहा प्यायला बसतो तेव्हा खऱ्या गोष्टी कानावर येतात.

नम्रपणे, पण आवर्जून दफ्तर मागा. नाकारलेल्या मालाची नोंद, सभासदांची थकबाकी, सभांची इतिवृत्तं आणि तक्रारींची वही. चांगली चालणारी संस्था यांपैकी निदान दोन तरी बिनदिक्कत पुढे करते. एकही दाखवत नसेल, तर तिथला नियम उचलायची घाई करू नका. आणि जमलं तर बाहेर पडलेल्या एखाद्या सभासदाशी बोला. तो कडू बोलेल, त्यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मं तुम्हाला अध्यक्ष सांगणार नाहीत.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत बैठक घ्या, कारण त्यानंतर फक्त फोटो उरतात. बघितलेल्यातला एकच नियम निवडा. तो आपल्या बोलीत एका कागदावर लिहा: काय करायचं, कोणी करायचं, कधी करायचं आणि मोडलं तर काय. शेवटचं लिहिताना बैठकीत शांतता पसरते. तिथेच थांबा आणि ते पूर्ण करून मगच उठा. गावकी-भावकीत नियम मोडतो तो आपलाच कोणीतरी, आणि त्या क्षणी नवा निर्णय घ्यायची वेळ आली तर तो होत नाही. काट्यावरच्या पोराला चुलतभावाची ट्रॉली परत पाठवता आली, कारण तो निर्णय त्याचा नव्हता. तो आधीच झालेला होता.

आपल्या गावात आधीपासून काय आहे, तेही बघा. सावड आहे, इर्जिक आहे. धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीत शेकडो वर्षं एका फडात एकच पीक आणि पाटकऱ्याच्या हातून पाण्याची पाळी, असा रिवाज चालत आला. अवजार बँकेचं सर्वांत अवघड कामही अशी पाळी ठरवणं हेच असतं. वाफसा आला की चार दिवसांत सगळ्यांनाच पेरणी यंत्र हवं असतं. आधी कोणाच्या रानात? एका गटाला यावर बाहेरून आणलेला वेळापत्रकाचा नमुना चालला नाही. त्यांनी सावडीतला जुना क्रम लावला, एका वर्षी ओढ्याकडून सुरुवात आणि पुढच्या वर्षी डोंगराकडून. कोणाला समजावून सांगावं लागलं नाही, कारण तो लोकांच्या रक्तातच होता.

आणि नियम बदलायला घाबरू नका, फक्त तो उघडपणे बदला. २०२४च्या खरिपात पावसानं सोयाबीन ओलं राहिलं, तेव्हा केंद्रानं हमीभाव खरेदीतली ओलाव्याची मर्यादा त्या हंगामापुरती १२वरून १५ टक्के केली. ती सगळ्यांसाठी केली आणि जाहीर करून केली. तुमच्या गटातही असं वर्ष येईल. तेव्हा बैठक घ्या, कारण लिहा, किती आणि कधीपर्यंत ते लिहा, सह्या घ्या आणि काट्यापाशी लावा. एकाला रात्री फोनवर दिलेली सूट दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गावाला माहीत असते, आणि मग काट्यावरच्या आकड्याला कोणी विचारत नाही. हंगाम संपला आणि पुढचा सुरू झाला नाही, अशा मधल्या दिवसांत एक बैठक फक्त नियमांसाठी ठेवा. कोणता चालला, कोणता नुसता कागदावर आहे, कोणता आता लागत नाही, हे बघा. न लागणारा काढून टाका.

सोयाबीनची खरेदी बघायची असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा. द्राक्षाचं पॅकहाऊस जानेवारी ते मार्चच्या दरम्यान गजबजलेलं असतं. आधी फोन करा आणि फोनवरच सांगून ठेवा: आम्ही दहाजण येतोय, सत्काराची तयारी करू नका, आम्हाला परत पाठवलेल्या मालाची वही बघायची आहे.